भारताची गोलकीपर आणि पारोळ्याचा बँड

जळगाव स्टेशनवर मी ज्या मुलीच्या गळ्यात झेंडूचा हार घातला, ती कोमल नव्हती.

आता यात माझी चूक किती आणि निळ्या रंगाची किती, ते तुम्हीच ठरवा. कोमल म्हणजे माझ्या मेव्हण्याची मुलगी, भारताच्या सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. परदेशातली स्पर्धा आटोपून दिल्लीमार्गे ती त्या सकाळी जळगावला उतरणार होती. तिला मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. माझ्या डोक्यात दोन वेण्यांची, गुडघे फोडून घेतलेली पोरगी पक्की बसलेली. फलाटावर निळ्या ट्रॅकसूटमधली एक उंच मुलगी दिसली आणि कोल्हापूरपासून मांडीवर सांभाळत आणलेला हार मी तिच्या गळ्यात टाकून मोकळा झालो. वर खणखणीत आवाजात म्हणालो, "पोरी, घराण्याचं नाव काढलंस!"

"काका, मी तेजल," ती म्हणाली.

तिच्या मागं तसल्याच निळ्या ट्रॅकसूटमधल्या आणखी मुली उभ्या होत्या. कुठल्याशा कॉलेजचा खो-खोचा संघ निघाला होता. हार काढून घ्यायला मी हात पुढं केला, तर त्यांच्या सरांनी अडवलं. "राहू द्या हो, गळ्यात पडलाच आहे तर. आम्ही हरून चाललोय घरी. तेवढंच पोरींना बरं वाटेल."

"फुवा, मी इकडं आहे," मागून आवाज आला. (खानदेशात आत्याच्या नवऱ्याला फुवा म्हणतात.) वळून पाहिलं तर साधा पंजाबी ड्रेस, ओढणी आणि पाठीवर भलीमोठी बॅग. अंगावर 'इंडिया' लिहिलेलं काहीही नाही. तिनं सगळा प्रकार पाहिला होता आणि ती पोट धरून हसत होती. त्या दिवशी ती हसली ती तेवढीच.

माझी बायको शालिनी सोबत असती तर हे घडलं नसतं. पण ती आधीच पाचोऱ्याला उतरून धाकट्या बहिणीकडं गेली होती. तिथं दोन दिवस राहून ती माहेरी येणार होती. उतरताना मला बजावून गेली, "मी येईपर्यंत काही करू नका." ही सूचना ती लग्न झाल्यापासून देत आली आहे. तिचं स्वरूप सर्वसाधारण असल्यामुळं मी ती फारशी मनावर घेत नाही.

मेव्हणा प्रकाश पिकअप घेऊन स्टेशनबाहेर थांबला होता. त्यानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, बॅग मागं टाकली आणि एवढंच विचारलं, "जेवनी का?" आम्ही तिघं पुढच्या सीटवर दाटीवाटीनं बसलो. गाडीत कापसाचा आणि डिझेलचा मिळून एक वास होता. बाजूनं केळीच्या घडांनी भरलेले ट्रक जात होते. एरंडोल येईपर्यंत केळीच्या बागा मागं पडल्या आणि दोन्ही बाजूंना फुटलेली कपाशी सुरू झाली. हिवाळ्याचं कोवळं ऊन, त्यात पांढरी शेतं आणि त्या पांढऱ्यात वाकलेल्या रंगीत साड्या. मी मनातल्या मनात वर्णन जुळवत होतो. कोमल डोळे मिटून बसली होती. झोपली नव्हती, कारण खड्डा आला की तिचे हात आपोआप पुढं येत.

इथं माझी फुटबॉलमधली योग्यता सांगायला हवी. मी कोल्हापूरचा. आमच्याकडं सामना मैदानावर दीड तास आणि पेठेत वर्षभर चालतो. मी स्वतः फुटबॉलला पाय लावला तो शेजारच्या पोरांचा गटारात पडलेला चेंडू बाहेर काढताना, आणि तो परत गटारातच गेला. पण कोल्हापूरचा म्हटल्यावर सासरवाडीत मला जाणकार समजतात. मीही त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही.

एरंडोलच्या पुढं एका ढाब्यावर शेवभाजी खाताना मी जाणकारी सुरू केली. शेवभाजीचा रस्सा इतका झणझणीत की डोळ्यांतून पाणी यावं, आणि माझ्या विषयाला ते शोभूनही दिसत होतं. आपल्या लहान वयाच्या संघांची परदेशातली कामगिरी मी पाठ करून आलो होतो. दक्षिण आशियात आपल्या पोरापोरींनी अनेकदा चषक आणले, तिथं आपला दबदबा. त्याच्या पलीकडं पाऊल टाकलं की पंचाईत. आपल्याच देशात मुलग्यांची जागतिक स्पर्धा झाली तेव्हा सगळे सामने हरलो, पण एक गोल केला. त्या एका गोलाचे आम्ही पेठेत पेढे वाटले. पुढं मुलींची स्पर्धा इथंच झाली, तेव्हा तेवढाही झाला नाही.

"म्हणजे बघ कोमल," मी भाकरीचा तुकडा हवेत धरून म्हणालो, "या वेळी तुम्ही एक सामना जिंकलात, एक बरोबरीत सोडवलात. शेवटचा नुसता बरोबरीत सुटता तरी आशियाच्या मोठ्या स्पर्धेत गेला असता. केवढी मोठी गोष्ट! फक्त तो शेवटचा बॉल..."

प्रकाशनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. चांगलाच दिला.

"माझ्या हातातनं सुटला, फुवा," कोमल शांतपणे म्हणाली. "दोन्ही हातांत आला होता. मग सुटला. तुम्ही पाहिलं असेलच." तिनं ताट सरकवलं आणि हात धुवायला गेली.

पाहिलं होतंच. मोबाईलवर, घरातल्या सगळ्यांना गप्प बसवून. साधा, सरळ येणारा चेंडू होता. तो सुटला आणि संघ घरी आला.

"भाऊजी," ती दूर गेल्यावर प्रकाश म्हणाला, "मंगळवारी तिला पुढच्या कॅम्पला निघायचं आहे. ती काल फोनवर आईला म्हणाली, मी नाही जाणार. आम्हाला यातलं काय कळतं? तुम्ही कोल्हापूरचे. तुम्ही बोला तिच्याशी."

पोरगी राहते की जाते हे असं माझ्या गळ्यात येऊन पडलं. शेवभाजीचा तिखटपणा त्या मानानं काहीच नव्हता.

पारोळा आलं. किल्ल्याच्या तटाला वळसा घालून आम्ही आतल्या रस्त्याला लागलो. सासरवाडीच्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जावयाला तिथं पुन्हा जायचं असतं. बोरी नदीच्या बाजूचं लहानसं गाव आहे, आणि जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी फौजेत. फाट्यापासून मी मान बाहेर काढून बसलो. कुठं कमान दिसते का, ढोल वाजतो का, निदान एखादा मोठा फलक? काहीच नाही. फाट्यावर दोन म्हाताऱ्या एसटीची वाट पाहत होत्या. पारावर पत्ते चालले होते. एकानं मान वर करून विचारलं, "ऊनी का बाई?" (आलीस का?) कोमल म्हणाली, "हा काका." त्यानं पुढचं विचारलं, "कवय जाशी?" (कधी जाणार?) आणि पुन्हा पत्त्यांत मान घातली. 

घराच्या दारात तिच्या आईनं भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकलं. झाला सत्कार.

मला राग आला. देशासाठी खेळून आलेली पोर! आमच्याकडं गल्लीतल्या स्पर्धेत दुसरा नंबर आला तरी गुलालानं माणूस ओळखू येत नाही. हिनं एका चेंडूची चूक काय केली, आणि गाव असं तोंड फिरवून बसलं? संध्याकाळपर्यंत जो भेटेल तो तिला तेच दोन प्रश्न विचारत होता. ऊनी का, कवय जाशी. जणू पोरगी बाजाराला जाऊन आली आहे.

दिवस मावळताना शेतात भरताचा बेत होता. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करून त्यात हिरवी, थोराड वांगी टाकली होती. वांगी भाजून काळी पडली की सोलायची, लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्या-लसणाबरोबर ठेचायची आणि वरून कांद्याच्या पातीची फोडणी. सोबत कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली). मी वांगं सोलायला गेलो आणि बोटं भाजून घेतली. कोमलनं माझ्या हातातलं गरम वांगं सहज उचललं आणि सोलून ठेवलं.

संधी साधून मी तिच्याशेजारी बसलो. आमच्या पेठेतल्या एका गोलकीपरची गोष्ट सांगितली, जो बोट मोडलं असताना खेळला होता. तिनं विचारलं, "जिंकले का?" मी म्हणालो, "नाही." गोष्ट तिथंच संपली.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "फुवा, विमानात कुणी मला काही बोललं नाही. सगळ्या मुली चांगल्या वागल्या. कॅप्टननं तिची खिडकीची जागा मला दिली. तेच सहन झालं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

"देऊ का मी?"

"तुम्हाला येतात?"

"कोल्हापूरचा आहे, बाई."

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण हसू फुटलं नाही. "नाही जायचं मला," ती म्हणाली. "ठरलंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही धुळ्याला गेलो. खेळ सोडतेय हे तिला फुटबॉल शिकवणाऱ्या देवपूरच्या मॅडमना समोर जाऊन सांगायचं, फोनवर नाही, असा तिचा आग्रह होता. त्या हट्टाचं मला कौतुक वाटलं. पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात शिरलो. शाळा सुटल्या होत्या, सायकलींचे थवेच्या थवे रस्त्यावर आले होते. मैदान म्हणजे माती, मधूनमधून गवताचे ठिपके आणि दोन गोलपोस्ट. त्यांतल्या एकाला जाळी नव्हती. इथंच पाचवीतल्या कोमलला तिच्या मॅडमनी लांब हात बघून गोलात उभं केलं होतं. मामाकडं शिकायला ठेवलेली पोर इथून भारताच्या संघात गेली. मी ते जाळी नसलेलं गोल बघत उभा राहिलो आणि खरं सांगतो, ऊर भरून आला. कोल्हापुरात आम्ही खेळ बघायला गर्दी करतो. इथं बघायला कुणी नव्हतं.

कोमल मात्र पिकअपमधून उतरलीच नाही. काच वर करून बसून राहिली.

मी एकटाच मॅडमकडं गेलो. गळ्यात शिट्टी, डोक्यावर उन्हानं विटलेली टोपी, वय पस्तिशीचं.

"नाही उतरली?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग अजून ठरलेलं नाही तिचं. ठरलं असतं तर उतरली असती." त्यांनी मुलींना धावायला शिट्टी मारली. "तिला सांगा, माझ्याकडं समजूत वगैरे काही नाही. त्या सामन्यात तिनं अडवलेले बॉल तिनं मोजावेत, असंही मी म्हणणार नाही. सुटलेला सुटला. मंगळवारी गाडी आहे, तेवढं सांगा."

परत वळलो तर चार-पाच मुली पिकअपभोवती उभ्या होत्या. नुसत्या काचेतून आत बघत होत्या. त्यांतल्या एकीच्या हातात गोलकीपरचे मोजे होते. काच जराशी खाली आली आणि आतून कोमलचा आवाज आला, "मोजे घातल्यावर अंगठे आत दुमडू नको. मोडतील." काच पुन्हा वर गेली.

मला वाटलं, पोरीला हवं आहे ते एवढंच, कुणीतरी तिच्याकडं अशा डोळ्यांनी बघणं. गावानं ते केलं नाही. मग मीच करतो!

येताना पारोळ्यात प्रकाश ट्रॅक्टरचा सुटा भाग आणायला गेला. कोमल गाडीतच होती. मी "जरा पाय मोकळे करतो" म्हणून सटकलो आणि थेट बँडवाल्याच्या दुकानात शिरलो. भिंतीवर तुतारीसारखी पितळी वाद्यं टांगलेली, खाली लाल कोट वाळत घातलेले. मालक जाडजूड, मिशांना कलप लावलेले. मी ऐटीत सांगितलं, "उद्या सकाळी बँड पाहिजे. सजवलेली उघडी जीप पाहिजे. भारताच्या खेळाडूची मिरवणूक आहे."

गावाचं नाव ऐकून त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "पाव्हणा, तुम्ही त्या गावना जवाई का?"

"हो."

"आणानं शे का पोचाडानं?" (आणायचं आहे की पोचवायचं?)

"आणायचं! फाट्यापासून घरापर्यंत. थाटात!"

त्यांचा चेहरा पडला. "ती गोलवाली पोर ना? टीव्हीवर दाखवलेली? एवढी लहान..." त्यांनी उसासा टाकला. "बरं. तुम्ही जवाई. तुम्ही सांगशात तसं."

मला वाटलं, हरल्याचं दुःख यांनाही झालेलं दिसतंय.

रात्रीच्या जेवणाआधी मी प्रकाशला बाजूला घेतलं. "उद्या फाट्यावर बँड येतोय. कोमलसाठी. तिला काही सांगू नका."

त्यानं माझ्याकडं निरखून पाहिलं. "भाऊजी, ती बोलली का तुमच्याशी?"

"बोलली की. मनातलं सगळं बोलली."

"मग झालं," तो म्हणाला. "तुम्ही केलंय म्हणजे विचार करूनच केलं असेल." आणि उठून गोठ्यात गेला. आतून कोमलच्या आईनं डोळ्याला पदर लावलेला मला दिसला. सकाळी तर ती मोठ्या उलट्या खापरावर पुरणाचे मांडे टाकायला बसली. मी म्हटलं, बघा, माउली आनंदानं कशी रडतेय.

आता जे मला कुणीही सांगितलं नाही ते तुम्हाला सांगतो. त्या गावात फौजेतला माणूस सुटीवर येतो तेव्हा गुपचूप एसटीनं येतो. त्याचं स्वागत करत नाहीत. तो परत कामावर निघाला की फाट्यापर्यंत बँड लावून पोचवतात. येताना बँड वाजतो तो आयुष्यात एकदाच, माणूस नोकरी संपवून कायमचा घरी येतो तेव्हा. पोराला वाजतगाजत आणलं, म्हणजे त्याचं झालं. म्हणून तर सगळे विचारत होते, कवय जाशी. त्यांना बँड सांगायचा होता! इतकी वर्षं मी त्या गावचा जावई आहे. दर दिवाळीला जातो, ओसरीवर आडवा होतो आणि फराळ करतो. गावाच्या रीती ओसरीवरून दिसत नाहीत. आणि जावयाला 'तुमचं चुकलं' म्हणण्याची त्या गावात पद्धत नाही.

सकाळी ऊन चढायला लागलं तेव्हा मी कोमलला "चल, फाट्यावर चहा पिऊ" म्हणून घेऊन गेलो. झेंडूनं मढवलेली जीप उभी होती. बँडवाले लाल कोटात. मी हात झटकून म्हणालो, "चढ!" ती गोंधळून चढली. बँड सुरू झाला. सूर जरा संथ होते, पण मला वाटलं, तयारी होतेय.

गाव जमलं होतं. सगळं गाव! मी मनात म्हटलं, बघा, कुणीतरी सुरुवात करावी लागते. मग लक्षात आलं की कुणी नाचत नाही. पुरुषांनी टोप्या काढून हातात घेतल्या होत्या. वेशीजवळ सुभेदार आबा उभे होते. गावातले सगळ्यांत जुने फौजी, कोटावर पदकं लावलेले. त्यांनी जीप थांबवली, कोमलच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला.

"पोरी," ते म्हणाले, "देशनं काम करं तू. बठ्ठा गावले अभिमान शे. आते घर ऱ्हाय. आराम कर." (सगळ्या गावाला अभिमान आहे, आता घरी राहा.)

मागून एक आक्का पुढं आली आणि कोमलचे हात धरून रडायला लागली. "इतली ल्हान पोर, इतलामाच सुटनी का वं माय?" (एवढ्यातच सुटलीस का गं बाई?)

कोमलनं शालीकडं पाहिलं. नारळाकडं पाहिलं. बँडकडं पाहिलं. ती याच गावची, तिला सांगावं लागलं नाही. तिचा चेहरा कपाशीसारखा पांढरा झाला आणि मग मिरचीसारखा लाल.

"बंद करा ते!" बँड थांबला. एक तुतारी जरा उशिरा थांबली. "कोनी करं माले रिटायर?"

सगळं गाव माझ्याकडं वळलं. मी प्रकाशकडं पाहिलं. प्रकाश जमिनीकडं बघत होता. दोन वाक्यांत त्यानं मला ती रीत सांगितली. पुढच्या क्षणी मला पारोळ्याच्या किल्ल्याच्या एखाद्या भुयारात शिरून बसावंसं वाटलं.

"कोमल, मला वाटलं, सत्कार..." मी तोंडातल्या तोंडात म्हणालो.

"तू तर म्हणत होतीस, जायचं नाही," प्रकाश हळूच म्हणाला.

"मी म्हणत होते!" कोमल ओरडली. आवाज फुटला होता, पण डोळे कोरडे होते. "मी म्हणत होते, पप्पा. सोडायचं तर मी सोडेन. तुम्ही बठ्ठे मिळून मला कसे काय सोडवता? सुभेदार आबा, तुम्ही किती वर्षांनी घरी आलात?"

"केस पिकल्यावर," आबा म्हणाले.

"माझा एक बॉल सुटला. एक! आणि मला नारळ?" तिनं नारळ आबांच्या हातात परत ठेवला, शाल काढली, तीही दिली. मग जीपवरून उडी मारून घराकडं चालू लागली. वाट आपोआप मोकळी झाली.

आम्ही सगळे तिथंच. बँडमास्तर माझ्या कानाशी लागून म्हणाले, "पाव्हणा, आता वाजाडू का नको?"  त्याच वेळी पाचोऱ्याकडून आलेल्या गाडीतून शालिनी फाट्यावर उतरली आणि हातात पिशव्या घेऊन वेशीपर्यंत चालत आली. तिनं थांबलेला बँड, हातात टोप्या घेतलेलं गाव आणि जीपला टेकून उभा असलेला नवरा पाहिला. काही विचारलं नाही. काहीतरी झालंय आणि ते कुणी केलंय, हे तिला अनुभवानं कळतं.

कोमल परत आली. पाठीवर तीच बॅग, दिल्लीहून आल्यापासून आत्ताच पहिल्यांदा उघडलेली. अंगात निळं जाकीट, छातीवर देशाचं नाव. मागं तिची आई, फडक्यात बांधलेले मांडे घेऊन धावतेय.

"फुवा, जीप वळवा."

"अगं, कॅम्पला मंगळवारी निघायचं ना? आज रविवार."

"मग दोन दिवस मॅडमकडं राहीन देवपूरला. साधा बॉल सुटतोय हातातनं. तो धरायला नको?"

 मग सुभेदार आबांनी शालीची नीट घडी घातली, काखेत धरली आणि बँडमास्तरकडं वळून असा आवाज काढला की पारावरची कबुतरं उडाली. "बघत काय उभे? पोर चालली! वाजाडा!"

नंतर जो बँड वाजला तो मी आयुष्यात ऐकला नव्हता. मघाचे तेच लाल कोटवाले, पण आता गालांचे फुगे झालेले. जीप अरुंद रस्त्यात वळेना, तर पंधरा-वीस जणांनी ती मागून उचलूनच वळवली. मघाशी रडणारी आक्का सगळ्यांत पुढं नाचत होती. पुरुषांनी टोप्या पुन्हा डोक्यावर चढवल्या, त्या उडवण्यासाठी. कोमल जीपमध्ये उभी, एका हातानं दांडा धरलेला. फाट्यावर उतरून ती आईच्या पाया पडली. तेव्हाही बॅगेचा पट्टा तिनं घट्ट धरला होता. एसटी आली. कंडक्टरनं बँड बघून विचारलं, "कोण चाललं?" आणि अख्खं गाव एकदम ओरडलं, "भारत!"

ती देवपूरला पोचली. मंगळवारी कॅम्पला गेली. पुढच्या स्पर्धेत ती खेळेल की बाकावर बसेल, मला माहीत नाही. आपल्या संघांची कामगिरी आता मी कुणाला पाठ म्हणून दाखवत नाही. जिंकले किती, हरले किती, ते कुठंही सापडतं. हरून आलेली पोर दोन दिवस आधीच परत निघते, ते कुठं लिहून ठेवलेलं नसतं. मला ते बघायला मिळालं. खानदेशला फुटबॉलमधलं काय कळतं, असं यापुढं माझ्यासमोर कुणी म्हणू नये. विशेषतः कोल्हापूरच्या माणसानं.

गावात मात्र भलतंच घडलं. संध्याकाळपर्यंत पारावर ठरून गेलं की हे सगळं जावयानं मुद्दाम केलं. "जवाईनी डोकं चालाडं! पोरले असा चटका दिना!" दोघातिघांनी येऊन माझी पाठ थोपटली. सुभेदार आबांनी सलाम केला. मी नाही म्हणालो नाही. नुसता गूढ हसलो.

परतीच्या गाडीत चाळीसगाव गेलं तरी मी त्याच तोऱ्यात होतो. शालिनीला समजावून सांगत होतो की पोरीच्या मनाचा अंदाज मला भरताच्या वेळीच आला होता, उलटा डाव टाकणं भाग होतं, वगैरे. ती खिडकीतून बाहेर बघत होती. कपाशीची शेतं मागं जात होती.  मला वाटलं, आता माझ्या डोक्याचं कौतुक करील, किंवा त्याचं पितळ उघडं पाडील. दोन्हीला माझी तयारी होती.

"आमच्या गावातनं पोरगी बँड लावून बाहेर पडली," ती म्हणाली, "ती आजवर दर वेळी नवऱ्याच्या मागनं. मीसुद्धा तशीच निघाले. ही पहिली, जी आपल्या कामाला निघाली." तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडं वळली. "आता जरा गप्प बसा. मला ते पुन्हा एकदा आठवू द्या."